नवऱ्याला इच्छाच होत नाही, मग भावना सांभाळून काय होणार?

प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला नऊ वर्षं झाली. बायकोचं वय चौतीस, नवऱ्याचं अडतीस. नाशिकला राहतात, घरात सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. गेलं दीड वर्ष नवऱ्याला शरीरसंबंधांची इच्छाच होत नाही. त्या लिहितात, "आधी मी रडले, मग भांडले, आता विषयच काढत नाही. त्याच्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं. समुपदेशक बाई म्हणाल्या, दोघांनी आपापल्या भावना सांभाळायला शिका. इच्छा त्याला होत नाही, मग माझ्या भावना सांभाळून काय होणार? आणि मी आणखी किती सांभाळायचं?"

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. तुम्ही ज्याला सांभाळणं म्हणताय ते बहुतेक गिळणं आहे. रडायचं ते बाथरूममध्ये नळ सोडून, चिडायचं ते भांड्यांवर, आणि नवऱ्यासमोर चेहरा असा की काही झालंच नाही. तिकडे तोही हेच करत असणार. दोघं मिळून घरात शांतता राखताय. बाहेरच्याला ती समजूतदारपणाची वाटते, पण तिच्यात दोघांचीही दमछाक होते. समुपदेशक बाईंना "हेच आणखी करा" असं म्हणायचं नसणार. त्यांना जवळजवळ उलट म्हणायचं असावं, फक्त ते नीट फोडून सांगितलं गेलं नाही.

आता स्पष्ट उत्तर. भावना नीट हाताळल्या की नवऱ्याची इच्छा परत येईलच, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. इच्छा कमी होण्याची कारणं अनेक असतात आणि त्यातली काही थेट शरीरातली असतात. पण इच्छा कमी झाल्यावर घराचं पुढे काय होतं, हे मात्र फार मोठ्या प्रमाणात ठरतं ते त्या दोघांनी आपली लाज, राग, भीती आणि अपमान यांचं काय केलं यावर. इच्छा सारखीच कमी असलेली दोन जोडपी माझ्याकडे येतात. एक हातात हात घालून येतं, दुसरं मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून बसतं. आणि एवढं नक्की की मधली खुर्ची रिकामी असेल तर इच्छेला परतायला वाव फार कमी उरतो.

पण भावनांकडे जाण्याआधी "सगळं नॉर्मल आलं" या वाक्याशी मला थोडं भांडायचं आहे. नॉर्मल म्हणजे कोणत्या तपासण्या? पुष्कळदा रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि कोलेस्टेरॉल एवढंच पाहिलेलं असतं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांमधलं मुख्य लैंगिक संप्रेरक, पाहायचं तर रक्त सकाळी द्यावं लागतं, शक्यतो उपाशीपोटी, कारण दिवस चढतो तसं ते उतरतं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दिलेल्या रक्ताचा आकडा फसवा असतो. एकदा कमी आलं म्हणून निदान होत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळीच तपासायचं. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं आणि जोडीला लक्षणं असली, तरच कमतरता मानते. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर प्रोलॅक्टिन हे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं संप्रेरकही पाहायला हवं. ते फार वाढलेलं असेल, डोकेदुखी असेल, बाजूचं दिसायला त्रास होत असेल तर पिट्युटरी ग्रंथीची तपासणी लांबवू नये. थायरॉइड पाहावं. रात्री जोरात घोरून मध्येच श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करावी. हा विषय बायकोच डॉक्टरांकडे काढू शकते, कारण घोरणाऱ्याला ते माहीतच नसतं.

आणि औषधं. नैराश्य किंवा चिंतेसाठी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटालोप्राम अशी गोळी चालू असेल तर तिच्यामुळे इच्छा कमी होऊ शकते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा औषध बदलण्याचे मार्ग असतात. केस गळू नयेत म्हणून घेतलेलं फिनास्टेराइड, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, रोजची दारू हेही विचारा. उदासीचं तर विशेष. पुरुषाचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिड, झोप, मोबाइल आणि "कशातच रस नाही" यांतून दिसतं, आणि इच्छा जाणं हे त्याच नैराश्याचं लक्षण असतं. तिथे आधी नैराश्यावर उपचार, बाकी सगळं नंतर.

दोन गोष्टी जाता जाता, कारण त्यांच्यामुळे वर्षं वाया जातात. सिल्डेनाफिलची गोळी ताठरतेसाठी आहे, इच्छेसाठी नाही. इच्छा नसलेल्या माणसाला ती देऊन काही झालं नाही की तो आणखी खचतो. आणि जिममधल्या कोणाच्या सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नयेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीराचं स्वतःचं उत्पादन बंद पडतं आणि शुक्रजंतूंची संख्या कोसळते. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हे नीट लक्षात ठेवा.

हे सगळं पाहून झालं आणि खरोखरच काही सापडलं नाही, तर पुढचा प्रश्न विचारायचा: इच्छा सगळीकडेच गेली आहे, की फक्त बायकोबरोबर? एकट्यानं असताना, स्वप्नात, सकाळी जाग येताना काहीच नसतं का? हा प्रश्न डॉक्टरांनी नवऱ्याला एकट्याला विचारायचा असतो. बायकोने विचारला तर तो उलटतपासणीसारखा लागतो. इच्छा इतर वेळी असते आणि नात्यात नसते, याचा अर्थ लगेच "दुसरी कोणीतरी आहे" असा होत नाही. बरेचदा अर्थ एवढाच असतो की एकट्याने असताना नापास होण्याची भीती नसते.

याचं प्रमाण किती, हे तुमच्यासारख्या पुष्कळ जणी विचारतात, कारण आपलाच नवरा असा आहे असं वाटत असतं. ब्रिटनमध्ये १६ ते ४४ वयोगटाच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, जिचे आकडे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, १७.१ टक्के पुरुषांनी सांगितलं की गेल्या वर्षात किमान महिनाभर त्यांना संबंधांत रस नव्हता. सहा महिने किंवा जास्त काळ रस नव्हता असं सांगणारे १.८ टक्के होते. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांची ओसरती इच्छा ही घरोघरची गोष्ट आहे, तिच्यासाठी घाबरायचं कारण नाही. दीड वर्ष मात्र तसं नाही. तुम्ही उगाच बाऊ करत नाही आहात.

मानसोपचाराच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत २०१३ पासून पुरुषांमधल्या कमी कामेच्छेला वेगळं निदान म्हणून जागा आहे. सुमारे सहा महिने लैंगिक विचार आणि इच्छा दोन्ही कमी किंवा नाहीशी असणं, आणि त्याचा त्या माणसाला स्वतःला त्रास होणं, अशा अटी आहेत. दुसरी अट महत्त्वाची आहे. नवऱ्याला काहीच त्रास नसेल, फक्त तुम्हाला असेल, तर पुस्तकाच्या हिशेबाने त्याला आजार नाही. पण म्हणून तुमचा प्रश्न खोटा ठरत नाही. तो मग दोघांच्या इच्छांमधल्या तफावतीचा प्रश्न असतो आणि तोही आम्ही रोज हाताळतो.

आता भावनांकडे.

त्याच्या बाजूने पाहू. पुरुष कायम तयारच असतो, हे आपल्याकडे मुलगा मिसरूड फुटायच्या आधी शिकतो, मित्रांच्या विनोदांतून. बायकोला डोकं दुखतं आणि नवरा बिचारा ताटकळतो, व्हॉट्सॲपवरचे सगळे विनोद याच साच्याचे. ज्या पुरुषाची इच्छा गेली आहे त्याला या विनोदांत स्वतःची जागाच सापडत नाही. शिवाय वीर्य म्हणजे शक्ती, ते वाया गेलं की पुरुष संपला, ही समजूत अजून जिवंत आहे. या चिंतेतून येणाऱ्या आजाराला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये "धात सिंड्रोम" असं नाव दिलं, आणि आजही तरुण मुलं तीच तक्रार घेऊन येतात. अशा माणसाला इच्छा नसणं म्हणजे आपल्या पुरुषपणावरच शंका. तो कोणाला सांगणार? मित्रांना नाही, भावाला नाही. बायकोला तर नाहीच.

मग तो लाज लपवण्याचे मार्ग शोधतो. रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप. मुलीला मध्ये झोपवणं. तुम्ही झोपल्याची खात्री झाल्यावरच खोलीत येणं. आणि सगळ्यात जास्त दुखावणारी गोष्ट: साधा स्पर्शही बंद करणं. बायकांना हे अजिबात समजत नाही. "संबंध नकोत ठीक आहे, पण जवळसुद्धा घेत नाही?" त्याच्या डोक्यात हिशेब असा असतो की खांद्यावर हात ठेवला तर तिला पुढचं अपेक्षित असेल, पुढे काही झालं नाही तर ती रडेल, त्यापेक्षा हातच नको. स्पर्श त्याच्या लेखी वायदा झालेला असतो, जो आपल्याला पाळता येणार नाही असं त्याला वाटतं. यात प्रेम आटल्याचा पुरावा शोधू नका. तो भीती हाताळतोय, फक्त फार वाईट पद्धतीने हाताळतोय.

या भीतीचा शरीरावर होणारा परिणाम जुना अभ्यासलेला आहे. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी १९७० मध्येच लिहून ठेवलं की संबंधांच्या वेळी माणूस त्या क्षणात राहण्याऐवजी स्वतःकडे परीक्षकासारखा बघू लागला की शरीराचा प्रतिसाद मावळतो. पुढे बॅनक्रॉफ्ट आणि जॅनसेन या संशोधकांनी मांडलं की लैंगिक प्रतिसादाला चेतवणारी यंत्रणा वेगळी आणि रोखणारी वेगळी. दोन्ही एकाच वेळी काम करतात आणि प्रत्येक माणसात त्यांचा जोर कमी-जास्त असतो. नापास होण्याची भीती, बायकोच्या नाराजीचा धसका, शेजारच्या खोलीत आई जागी आहे ही जाणीव, हे सगळं रोखणाऱ्या बाजूला जातं. तुम्ही नवं अंतर्वस्त्र आणाल, महाबळेश्वरला जाल, सगळं चेतवण्याच्या बाजूला. रोखणारी बाजू तशीच घट्ट असेल तर त्याचा उपयोग होत नाही. उलट तुम्ही एवढं केलंत म्हणून दडपण वाढतं.

आता तुमची बाजू. बाईची पंचाईत अशी की या दुःखाला आपल्याकडे जागाच नाही. नवरा मारतो, पितो, पैसे देत नाही, हे माहेरी सांगता येतं. "नवरा जवळ येत नाही" हे सांगणाऱ्या बाईकडे लोक तिलाच काहीतरी झाल्यासारखं बघतात. तिला हवंसं वाटणं हीच जणू चूक. मग ती कारण स्वतःत शोधते. वजन वाढलं, बाळंतपणानंतर पोट सुटलं, मी आकर्षक राहिले नाही. त्यानंतर शंका, त्याचा मोबाइल, मग स्वतःचीच शरम. तुम्ही लिहिलेला क्रम, आधी रडणं, मग भांडणं, मग गप्प होणं, हा मी इतक्यांदा ऐकला आहे की तिसऱ्या टप्प्याची मला जास्त काळजी वाटते. भांडणाऱ्या बाईला अजून आशा असते.

या दोन बाजू एकमेकींना कशा चिकटतात ते बघा. शनिवारची रात्र. तुम्ही म्हणता, "आज तरी?" त्या "तरी"मध्ये मागची दीड वर्षं असतात. तो म्हणतो, "खूप दमलोय गं." तुम्ही म्हणता, "तू कायमच दमलेला असतोस." तो मोबाइल उचलतो. तुम्हाला दिसतं, याला माझी पर्वा नाही. त्याला ऐकू येतं, तू पुरुष म्हणून बाद आहेस. तुम्ही जितक्या मागे लागता तितका तो आक्रसतो आणि तो जितका आक्रसतो तितक्या तुम्ही मागे लागता. मग एक दिवस तुम्हीही थांबता, आणि तो मनात सुटकेचा निःश्वास टाकतो. त्या निःश्वासाने त्याची खात्री पटते की दूर राहणं हाच उपाय. इच्छा परत येण्याची जी काही शक्यता होती ती इथे मरते, आणि मूळ कारण कदाचित केव्हाच संपलेलं असतं. कामाचा ताण असलेला तो प्रोजेक्ट संपला, वडिलांच्या आजारपणातून घर सावरलं, पण अबोला तसाच राहिला.

गिळण्याबद्दल थोडं संशोधन सांगते, कारण "मनात ठेवलं तर निदान भांडण तरी टळतं" हा युक्तिवाद मला रोज ऐकावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी भावना हाताळण्याच्या दोन वेगळ्या पद्धती दाखवल्या. एक म्हणजे भावना आत उसळू द्यायची आणि चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही. दुसरी म्हणजे ती उसळण्याआधी किंवा उसळताना प्रसंगाकडे वेगळ्या अर्थाने बघायचं. त्यांच्या २००३ च्या अभ्यासात पहिल्या पद्धतीवर जगणाऱ्यांना आनंदही कमी वाटत होता आणि जवळची नाती कमी होती. दुसरी पद्धत वापरणाऱ्यांचं उलट होतं. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी अनोळखी बायकांच्या जोड्या केल्या, त्यांना मन विचलित करणारी एक फिल्म दाखवली आणि त्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांमध्ये एकीला गुपचूप सूचना होती की भावना चेहऱ्यावर दाखवायच्या नाहीत. तिच्याशी बोलणाऱ्या दुसरीचा रक्तदाब जास्त वाढला. त्या दुसरीला सूचनेबद्दल काहीच माहीत नव्हतं. अनोळखी बाईबरोबरच्या काही मिनिटांच्या गप्पांत हे होत असेल, तर दीड वर्ष एका पलंगावर झोपणाऱ्या दोघांचं काय होत असेल?

पण एक गोष्ट मला पटते आणि ती पाश्चात्त्य पुस्तकांत कमी सापडते. गिळणं दर वेळी वाईट नसतं. बटलर यांनीच २००७ मध्ये दाखवलं की ज्यांच्यावर आशियाई मूल्यांचा संस्कार जास्त आहे त्यांच्यात भावना आवरण्याचे दुष्परिणाम कमी दिसतात. सासूबाईंसमोर, मुलीसमोर, सणाच्या दिवशी घरात पाहुणे असताना तुम्ही राग आवरता तो शहाणपणाच आहे. तो नंतर कुठेतरी, त्याच माणसाजवळ मोकळा होणार असेल तर काही बिघडत नाही. बिघडतं ते "नंतर" कधीच येत नाही तेव्हा.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्या "नंतर"ला वेळ ठरवून देणं. पलंगावर हा विषय काढायचा नाही, रात्री साडेअकराला नाही, आणि नकार मिळाल्यावर लगेच तर अजिबात नाही. घरात सासूबाई आहेत, भिंती पातळ आहेत, म्हणून मी सहसा बाहेर जायला सांगते. रविवारी सकाळी गोदाघाटावर किंवा पांडवलेण्याच्या पायथ्याशी चालत. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, याचा पुरुषांना फार आधार होतो. अर्धा तास पुरे. पहिल्या दिवशी तोडगा काढायचा नाही.

बोलायचं काय? रागाच्या खाली जे असतं ते. राग खोटा नसतो, पण ऐकणाऱ्याला तो हल्लाच वाटतो. "तुला माझी काही पडलेलीच नाही" याऐवजी असं म्हणून बघा: "मला आत्ता तुझ्याकडून काहीच नकोय. एवढंच सांगायचंय की तू पाठ फिरवून झोपतोस तेव्हा मला खूप एकटं वाटतं. आणि तुला काय होतंय हेच मला कळत नाही, त्याची भीती वाटते." हे वाक्य पाठ करून म्हणू नका, तुमच्या शब्दांत म्हणा. यात मागणी नाही आणि निकालही नाही, त्यामुळे उत्तर देण्याची थोडी तरी शक्यता असते. पहिल्या वेळी तो "हं" एवढंच म्हणेल. तेवढ्यावर थांबा. पुष्कळ नवऱ्यांना आपल्याला काय वाटतंय हे स्वतःलाही माहीत नसतं, ते शोधायला त्यांना आठवडा लागतो.

बोलताना एकाचा पारा चढला, छाती धडधडू लागली, की थांबायचं. जोडप्यांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की शरीर एवढं तापल्यावर माणसाला ऐकूच येत नाही आणि शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. पण उठून जाणारा माणूस परत कधी येणार हे सांगून गेला पाहिजे. "मी चहा करून येतो, मग बोलू" आणि दार आपटून गच्चीवर जाणं यात बायकोच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमचा नवरा गप्प होऊन निघून जाणाऱ्यांतला वाटतो, त्यामुळे ही अट त्याच्यासाठी जास्त महत्त्वाची. पुन्हा बोलायला बसण्याची जबाबदारी ज्याने थांबवलं त्याची.

दुसरं काम म्हणजे ग्रॉस यांची दुसरी पद्धत, अर्थ बदलून बघण्याची. ती जास्त नाजूक आहे, कारण तिचा सहज गैरवापर होतो. "चांगला विचार करा, सगळं चांगलं होईल" असलं काही मी सांगत नाही. बायकांना तर तो सल्ला आयुष्यभर मिळालेला असतो. मी म्हणते, तुमच्या मनातला अर्थ पुराव्यावर तपासा. "मी त्याला नकोशी झाले" हा एक अर्थ. दुसरा अर्थ, "त्याचं शरीर सध्या कोणालाच प्रतिसाद देत नाही आणि त्याला माझ्यापासून तोंड लपवावंसं वाटतंय." कोणता खरा? तो आजारपणात तुमची काळजी घेतो का, तुमच्याशी हसतो का, दिवसभरातलं काही सांगतो का, हे बघा. पुरावा दुसऱ्या अर्थाच्या बाजूने असेल तर नकाराच्या रात्री तो स्वतःला आठवून द्या. दुःख नाहीसं होणार नाही, पण त्यातला अपमान कमी होतो. आणि अपमान कमी झाला की सकाळचा चहा आदळला जात नाही. पुरावा पहिल्या अर्थाच्या बाजूने असेल, तो इतर बाबतींतही तुटक आणि तुच्छतेने वागत असेल, तर स्वतःला गोड समजुती घालू नका. तिथे कामेच्छा हा मुख्य प्रश्नच नाही.

तिसरं काम ऐकायला उलटं वाटेल. काही आठवडे संबंध ठेवायचेच नाहीत, असं दोघांनी उघडपणे ठरवायचं. तसेही होत नाहीत, मग ठरवायचं कशाला? कारण "होत नाहीत" यात रोजची परीक्षा आणि रोजचं नापास होणं आहे. "ठरवून नाही" यात वायदाच नाही, त्यामुळे त्याला पुन्हा हात लावता येतो. मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या स्पर्शाच्या व्यायामांचा पाया हाच होता. आधी पाठ, केस, हात, पाय, खासगी अवयव सोडून, आळीपाळीने. करणाऱ्याने आपल्या हाताला काय जाणवतंय तिकडे लक्ष द्यायचं, समोरच्याला खूश करायचं नाही. उत्तेजना आली तर येऊ द्यायची, तिचं पुढे काही करायचं नाही. संयुक्त कुटुंबात यासाठी कडी लावून पंधरा मिनिटं मिळवणं हेच अर्धं काम असतं. मुलगी आजीजवळ झोपू शकते का, हा प्रश्न मला उपचारपद्धतींपेक्षा जास्त वेळा सोडवावा लागतो.

यातून पुष्कळांना एक गोष्ट नव्याने कळते. इच्छा नेहमी आधी येत नाही. लैंगिक समस्यांवर काम करणाऱ्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० च्या सुमारास स्त्रियांबद्दल मांडलं की कित्येकदा जवळीक आधी होते, शरीर जागं होतं आणि इच्छा मागाहून येते. माझ्या अनुभवात चाळिशीकडे झुकलेल्या बऱ्याच पुरुषांचंही असंच होतं. पण विशीतल्यासारखी इच्छा आपोआप उसळली तरच ती खरी, असं त्यांनी धरलेलं असतं. तोवर ते स्पर्शच टाळतात, म्हणजे मागाहून येणाऱ्या इच्छेचा रस्ताच बंद.

दुसऱ्या मुलासाठी प्रयत्न चालू असतील तर एक वेगळी सूचना. फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे सोनोग्राफीने बीजाची वाढ बघणं, करून डॉक्टरांनी "बाराव्या ते सोळाव्या दिवसांत संबंध ठेवा" सांगितलं की कित्येक पुरुषांची उरलीसुरली इच्छाही जाते. अशा वेळी गर्भधारणेचं काम शक्य असेल तर आययूआयसारख्या (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याच्या) उपचाराकडे सोपवा आणि पलंगावरून ते उतरवा.

हे उत्तर नवऱ्याला वाचायला दिलंत, तर त्याच्यासाठी: तुम्हाला इच्छा होत नाही यात तुमचा दोष नाही. पण त्याबद्दल गप्प राहणं ही तुमची निवड आहे, आणि तिची किंमत तुमची बायको मोजते आहे. तिला कारण समजावून सांगायची गरज नाही, ते तुम्हालाही माहीत नसेल. "मलाही याचा त्रास होतोय, मला लाज वाटते, म्हणून मी टाळतो" एवढं म्हणता आलं तरी तिचं रात्रीचं अर्धं विचारचक्र थांबेल. नकार द्यायचा असेल तर द्या, पण पाठ फिरवून नको. "आज नाही जमणार, पण इकडे ये" असा नकार देता येतो. आणि डॉक्टरांची वेळ तुम्ही स्वतः घ्या, तिच्याकडून घेववू नका.

कोणाकडे जायचं? लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवर ज्यांचे नंबर रंगवलेले असतात त्यांच्याकडे नाही. आधी फिजिशियन किंवा मूत्ररोगतज्ज्ञ, मग लैंगिक समस्या हाताळणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा जोडप्यांसोबत काम करणारे मानसशास्त्रज्ञ. पहिल्या भेटीतच महागड्या पुड्यांचा तीन महिन्यांचा कोर्स हातात ठेवणाऱ्याकडून निघून या. खर्चाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांत बाह्यरुग्ण सेवा असते. कोणाला तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलि-मानस या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, किती सांभाळायचं. मी नुसती महिन्यांत मुदत देत नाही. मी विचारते, तो काय करतोय? तपासणीला जातोय, चुकत-माकत बोलतोय, स्पर्शाच्या व्यायामाला हो म्हणतोय, तर इच्छा अजून आली नसली तरी थांबण्यात अर्थ आहे. तीन-चार महिन्यांनी दोघांनी बसून पुन्हा बघा. त्याला मुळात कधीच कोणाबद्दल इच्छा नव्हती, किंवा त्याचा कल पुरुषांकडे आहे, असं काही समोर आलं तर भावना हाताळून ते बदलत नाही आणि बदलायचा प्रयत्नही करू नये. तिथे मग खरं बोलून पुढचं ठरवायचं असतं. आणि तो डॉक्टर नको, समुपदेशन नको, बोलणं नको म्हणत असेल, वर तुम्हालाच "तुला हेच सुचतं" असं ऐकवत असेल, तर तुम्ही एकट्याने समुपदेशकांकडे जा. त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. पहिल्या भेटीत नवऱ्याबद्दल नाही, स्वतःबद्दल बोला: तुम्हाला या लग्नात काय हवंय, काय नसलं तरी चालेल आणि काय नसेल तर अजिबात चालणार नाही.